सामायिक लिंकचं बिल कशावर लावावं: जीबीवर की गर्दीवर?

आडवाप्रवाह (धागाकर्ता)

परिस्थिती अशी धरा. संस्थेत पन्नास विभाग, बाहेर जाणारी लिंक एकच, १ जीबीपीएसची. तिचं वर्षाचं भाडं ठरलेलं आणि ते विभागांत वाटायचं आहे. पहिली सूचना हमखास येते ती ‘ज्याने जितके जीबी ओढले त्याने तितकं भरावं’ ही. पाण्याच्या मीटरसारखं वाटतं, म्हणून सगळे माना डोलावतात.

मला हे पटत नाही. पाणी वापरलं की टाकीतलं तेवढं कमी होतं. लिंकचा रिकामा गेलेला सेकंद साठवताही येत नाही आणि परतही मिळत नाही. पहाटे तीनला लिंक ओस पडलेली असताना २०० जीबीचा बॅकअप गेला तर कोणाचंच काही बिघडत नाही. सकाळी अकराला, लिंक काठोकाठ भरलेली असताना ओढलेले २ जीबी मात्र सगळ्या इमारतीचे व्हिडिओ कॉल अडखळवतात. जीबीचा मीटर पहिल्याला दुसऱ्याच्या शंभरपट बिल लावतो. म्हणजे ज्याने शहाणपणा केला त्यालाच दंड.

तेव्हा प्रश्न असे: मोजायचं काय, दर ठरवायचा कसा, आणि नेहमीच्या उपकरणांवर हे जमतं का?

रांगेचंगणित

पहिल्या प्रश्नाला आकडे जोडतो. सर्वांत साधी रांग घ्या: पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) यादृच्छिक येतात, राउटर एकेक पाठवतो, आणि एक पॅकेट पाठवायला सरासरी १ एकक वेळ लागतो. लिंक ५०% भरलेली असेल तर पॅकेटचा एकूण वेळ २ एकक. ८०% ला ५, ९०% ला १०, ९५% ला २०.

पण किमतीच्या दृष्टीने खरी गोष्ट याच्या पुढची आहे. मी एक पॅकेट जास्त पाठवलं तर मला जो वेळ लागतो तो मला दिसतो. माझ्यामुळे इतरांचा जो वेळ वाढतो तो मला दिसत नाही. या मॉडेलमध्ये तो हिशेब सरळ निघतो. ५०% भारावर इतरांवर पडणारा बोजा माझ्या स्वतःच्या वेळेइतकाच, म्हणजे २ एकक. ९०% वर तो माझ्या वेळेच्या नऊपट: मला १० एकक लागतात आणि इतरांच्या माथी मिळून ९० जातात. किंमत लावायची ती या ९० ची. रिकाम्या लिंकवर ती जवळजवळ शून्य असते, म्हणून तिथे दरही शून्यच असावा.

बफरवाला

गणित बरोबर, पण १ जीबीपीएसच्या लिंकला ते लागू करताना जपून. १५०० बाइटचं पॅकेट त्या लिंकवर १२ मायक्रोसेकंदांत जातं. ९०% भारावर दहापट म्हणजे १२० मायक्रोसेकंद. व्हिडिओ कॉल करणाऱ्याला याचा पत्ताही लागणार नाही.

लोकांना त्रास होतो तो बफर, म्हणजे पॅकेटं थांबवून ठेवायची राउटरमधली जागा, भरल्यामुळे. टीसीपी, म्हणजे बहुतेक फाइली वाहून नेणारा प्रोटोकॉल, पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवत राहतो. राउटरमध्ये १२.५ एमबीचा बफर असेल तर तो भरल्यावर प्रत्येक पॅकेटला १०० मिलिसेकंद थांबावं लागतं, मग ते कोणाचंही असो. हे व्हायला शंभर लोक लागत नाहीत, दोन-चार मोठी अपलोड पुरतात. म्हणून दर ‘लिंक किती टक्के भरली’ यावर टांगू नका. रांग किती साचली, पॅकेट किती गळली, यावर टांगा.

रांगेचंगणित

मान्य. खरी वाहतूक झुंडीने येते, त्यामुळे माझे आकडे दिशा दाखवण्यापुरतेच घ्यावेत. आपला बोजा इतरांवर पडतो आणि भार वाढला की तो झपाट्याने वाढतो, एवढा मुद्दा मात्र दोन्हीकडे सारखाच आहे.

पाचमिनिटी

एवढ्या खोलात का शिरायचं? लिंक विकणारे वर्षानुवर्षं ९५ व्या शतमकावर बिल लावत आलेत. दर पाच मिनिटांनी बाइटचा काउंटर वाचायचा आणि सरासरी वेग काढायचा. ३० दिवसांच्या महिन्यात ८६४० नोंदी होतात. उतरत्या क्रमाने लावून वरच्या ५% म्हणजे ४३२ नोंदी सोडायच्या आणि पुढच्या नोंदीवर बिल करायचं. प्रत्येक विभागाच्या पोर्टवर हेच केलं की झालं.

एक खबरदारी तेवढी घ्या. ३२ बिटांचा काउंटर वाचत असाल तर १०० एमबीपीएसला तो साधारण ३४४ सेकंदांत आणि १ जीबीपीएसला ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. पाच मिनिटांनी वाचलात तर मधल्या आठ फेऱ्या गायब, आणि सर्वांत जास्त ओढणारा विभाग कागदावर सर्वांत गरीब दिसतो. ६४ बिटांचाच काउंटर वाचा.

सांडवा

काउंटरची सूचना सोन्यासारखी आहे, पण पद्धतीला माझा ठाम विरोध.

त्या ४३२ नोंदी म्हणजे ३६ तास, दिवसाला सरासरी ७२ मिनिटं. एखाद्या विभागाने रोज सकाळी अकरा ते बारा लिंक पूर्ण वेगाने वापरली तर महिन्याचे ३० तास होतात. हे सगळेच्या सगळे सोडलेल्या नोंदींत जातात. ज्या तासात सगळ्यांचा खोळंबा होतो नेमका तोच तास बिलातून निसटला! उलट रात्रभर सावकाश चालणारा बॅकअप बिलात पूर्ण दिसतो.

आणखी एक खोट: पन्नास विभागांची स्वतंत्र शतमकं मिळवली तर बेरीज लिंकच्या शतमकाएवढी येत नाही, कारण प्रत्येकाचं शिखर वेगळ्या वेळी असतं. शतमकच वापरायचं असेल तर उलटीकडून या. आधी संपूर्ण लिंकच्या वरच्या ४३२ नोंदी शोधा आणि त्या नोंदींमध्ये कोणत्या विभागाचा किती वाटा होता तो काढा. विजेच्या दरांत सामायिक शिखरावर आकार लावतात, तीच ही रीत. पहाटेचा बॅकअप त्यात आपोआप शून्य होतो.

पाचमिनिटी

सामायिक शिखराची रीत पटली. उपकरणं तीच, नोंदी तशाच, हिशेब फक्त दुसऱ्या बाजूने. माझी सूचना मागे घेतो.

जुनंखातं

हा वाद फार जुना आहे. संगणकाचा वेळ वाटण्यासाठी लिलाव १९६० च्या दशकातच झाला. इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये हार्वर्डच्या पीडीपी-१ साठीची पद्धत प्रसिद्ध केली. प्रत्येकाला कामाच्या महत्त्वाप्रमाणे ‘येन’ नावाचं नकली चलन द्यायचं आणि त्यात वेळेसाठी बोली लावायला सांगायचं.

नेटवर्कसाठी १९९० च्या दशकात जेफ्री मॅकी-मेसन आणि हॅल व्हेरियन यांनी ‘स्मार्ट मार्केट’ सुचवलं. प्रत्येक पॅकेटच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीच्या भागात) बोली असते. जागा कमी पडली की राउटर जास्त बोलीची पॅकेटं आधी सोडतो. आत गेलेली पॅकेटं स्वतःची बोली भरत नाहीत. बाहेर राहिलेल्यांतली सर्वांत मोठी बोली सगळे भरतात. त्यामुळे खोटी बोली लावून काही फायदा होत नाही. गर्दी नसेल तर दर शून्य. धागाकर्ते म्हणतात ते नेमकं हेच.

अडलं ते व्यवहारात. वाटेत दहा राउटर असतील तर बोली दहा ठिकाणी लढणार. फाइलची ९९ पॅकेटं जिंकली आणि एक हरलं तरी फाइल अडकणार. आणि पॅकेटमागे लागणाऱ्या किमतीपेक्षा तिचा हिशेब ठेवणंच महाग.

जीबीवर बिल कधीच चालत नाही, असंही म्हणू नका. न्यूझीलंडच्या विद्यापीठांनी १९९० च्या सुमारास परदेशी लिंकचा खर्च वाहतुकीच्या आकारमानावर वाटला आणि ते निभलं. लिंक अरुंद आणि सदा भरलेली असेल तर प्रत्येक बाइट कोणाची तरी जागा खातो. तिथे जीबी हे गर्दीचं बऱ्यापैकी माप ठरतं.

सरळदर

मी सपाट दराच्या बाजूने. एकच आकडा, वर्षातून एकदा, विषय संपला. बिलाच्या धास्तीने संशोधक डेटासेट उतरवायला कचरू लागला तर लिंक घेतली कशाला? लोकांना अनिश्चित बिल नको असतं, प्रसंगी ते जास्त पैसे देऊन सपाट दर घेतात.

सांडवा

अनिश्चिततेचा मुद्दा वजनदार आहे. पण सपाट दराने काय होतं तेही पाहा. अमेरिका ऑनलाइनने डिसेंबर १९९६ मध्ये तासाचा दर सोडून महिना १९.९५ डॉलर असा सपाट दर आणला. वापर इतका उसळला की डायल केल्यावर एंगेज टोन ऐकू येऊ लागला. दर गेला तरी टंचाई राहतेच, मग ती रांगेतून वसूल होते. घाईत असलेला आणि निवांत असलेला, दोघंही सारखेच ताटकळतात. हे मला अन्यायाचं वाटतं.

वाचनमात्र

पैसे आणि रांग यांच्या मधला काही मार्ग आहे का? छोट्या विभागांकडे पैसे नसतात, पण परीक्षेच्या किंवा सादरीकरणाच्या दिवशी त्यांचीही निकड तेवढीच असते.

खूणगाठ

आहे, आणि माझ्या मते या धाग्याचं उत्तर तेच आहे.

ईसीएन ही सोय २००१ पासून मानक आहे. आयपी हेडरमध्ये दोन बिट असतात. ०१ किंवा १० म्हणजे ‘मला खूण समजते’, आणि ११ म्हणजे ‘वाटेत गर्दी लागली’. रांग साचू लागली की राउटर पॅकेट फेकण्याऐवजी काही पॅकेटांवर ११ उमटवतो. घेणारा ते पाठवणाऱ्याला कळवतो, पाठवणारा वेग कमी करतो. गर्दी जितकी जास्त तितकं खुणांचं प्रमाण जास्त. म्हणजे राउटर दर सेकंदाला गर्दीची किंमत जाहीर करतोच आहे. आपण ती टिपून घ्यायची, इतकंच.

मोजायचं ते खूण झालेले बाइट. बॉब ब्रिस्को यांनी या मापाचा आग्रह धरला, त्याला गर्दीचं आकारमान म्हणू. खुणांचं प्रमाण १% असताना १० जीबी पाठवले तर १०० एमबी नावावर लागले. प्रमाण ०.०१% असताना १०० जीबी पाठवले तर १० एमबी. दहापट वाहतूक, पण आकार एक दशांश. धागाकर्त्यांचा बॅकअप आणि व्हिडिओ कॉल दोन्ही यात नीट बसतात.

आता पैशाऐवजी टोकन. प्रत्येक विभागाची एक बादली. तिच्यात ठरलेल्या वेगाने टोकन पडतात आणि खूण झालेल्या प्रत्येक बाइटला एक टोकन जातं. बादली रिकामी झाली तरच त्या विभागाचा वेग आवळायचा, तोही गर्दी असेपर्यंतच. बिल सपाट राहतं, सरळदर यांची अट पाळली जाते. छोटा विभाग महिनाभर टोकन साठवून सादरीकरणाच्या दिवशी मोकळ्या हाताने वापरू शकतो.

बादलीचा वेग कसा काढायचा? समजा दिवसातले ४ तास गर्दीचे, तेव्हा ९०० एमबीपीएस वाहतूक आणि सरासरी ०.५% खुणा. चार तासांत १.६२ टीबी गेले, त्यातले ८.१ जीबी खूण झालेले. पन्नास विभागांना सारखे वाटले तर दिवसाला १६२ एमबी, म्हणजे सेकंदाला १८७५ बाइट. बादलीची खोली पाच-सहा दिवसांच्या साठ्याएवढी ठेवून सुरुवात करा, ज्यांना जास्त साठा लागतो त्यांची वाढवा.

रांगेचंगणित

याला पक्का सैद्धांतिक आधार आहे. फ्रँक केली आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की प्रत्येक लिंकने आपल्या भाराप्रमाणे किंमत कळवली आणि प्रत्येक पाठवणाऱ्याने ‘वेग गुणिले किंमत’ आपल्या ठरलेल्या खर्चाएवढी ठेवली, तर मध्यवर्ती नियंत्रणाशिवाय सगळी वाटणी स्थिर होते, आणि ती खर्चाच्या प्रमाणात न्याय्य असते. कोणी धूर्तपणे किमतीवर आपला परिणाम गृहीत धरून खेळला तरी एकूण उपयुक्ततेतली घट २५% च्या वर जात नाही. हे जोहारी आणि त्सित्सिक्लिस यांनी २००४ मध्ये सिद्ध केलं.

दुपदरी

दोन डबे करून भागत नाही का? पॅरिसच्या मेट्रोत १९९१ पर्यंत पहिला वर्ग होता. आसनं तशीच, तिकीट महाग, म्हणून गर्दी कमी. अँड्र्यू ओडलिझ्को यांनी नेटवर्कसाठी तेच सुचवलं: दोन सारखे भाग, एक महाग. मोजणी काहीच नाही.

बफरवाला

मोजणी वाचते हे खरं, पण लिंक चिरल्याची किंमत मोजावी लागते. तेवढाच भार दोन अर्ध्या लिंकांवर वाटला तर वरच्या साध्या रांगेत प्रत्येकाचा वेळ दुप्पट होतो. एका डब्यात खेटाखेट आणि दुसऱ्यात रिकाम्या जागा, हे रोज दिसेल.

निम्माहिस्सा

मला मूळ अडचणच कळत नाही. एफक्यू-कोडेल (प्रत्येक प्रवाहाची, म्हणजे जोडणीची, वेगळी रांग करणारी पद्धत) लावा, प्रत्येक प्रवाहाला सारखा वाटा मिळतो. किंमत हवी कशाला?

खूणगाठ

कारण प्रवाह मोजले की लोक प्रवाह वाढवतात. एकाने एक जोडणी उघडली आणि दुसऱ्याने पन्नास, तर दुसऱ्याला ५१ पैकी ५० वाटे, म्हणजे ९८% लिंक. डाउनलोड मॅनेजर हेच करतात. ‘केक’ ही रांगेची दुसरी पद्धत वापरून प्रत्येक यजमानाला, म्हणजे संगणकाला, सारखा वाटा देता येतो, ते नक्कीच बरं. पण तेही फक्त या क्षणापुरतं बघतं. जो दिवसभर ओढतो आणि जो दिवसातून पाच मिनिटं येतो, ते दोघं त्या पाच मिनिटांत सारखेच मानले जातात. बादलीला मागचं आठवतं, हा फरक आहे.

शिवाय वेगवेगळ्या रांगा केल्या की प्रत्येक प्रवाहाला स्वतःच्या रांगेप्रमाणे खुणा मिळतात, सामायिक किंमत उरत नाही. हिशेब खुणांवर करायचा तर एकच रांग ठेवा आणि तिच्यावर पीआयई (रांग फार साचू न देणारी पद्धत) लावा. लिनक्सच्या पीआयईत ईसीएन आधी बंद असतं, ते चालू करा. खुणांचं प्रमाण १०% च्या वर गेलं की ते फेकायला लागतं, तेही लक्षात असू द्या.

निम्माहिस्सा

‘बादलीला मागचं आठवतं’, इथे गाडी अडली होती माझी. कळलं.

तारजोड

आता करायला घेतल्यावर काय काय फसतं ते.

एक, डाउनलोडची रांग तुमच्या राउटरमध्ये नसतेच, ती पुरवठादाराच्या बाजूला साचते. म्हणून आपल्याकडे वेग ९५० एमबीपीएसवर बांधून घ्या. रांग आपल्या ताब्यात आली तरच खुणा आपल्या.

दोन, लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या इंटरफेसवरची रांग एनएफटेबल्सच्या, म्हणजे पॅकेटं गाळण्या-मोजण्याच्या नियमांच्या, नंतर येते. तिथे उमटलेल्या खुणा त्याच पेटीतल्या नियमांना दिसत नाहीत. काउंटर शून्यच राहतो आणि माणूस दिवसभर नियम तपासत बसतो. उपाय असा: दोन्ही दिशांची वाहतूक आत येतानाच आयएफबीवर (लिनक्सच्या आभासी इंटरफेसवर) वळवा आणि रांग तिथे लावा. मग पॅकेट फॉरवर्ड साखळीत (पुढे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांत) येतं तेव्हा खूण उमटलेली असते.

तीन, काही पॅकेटं बाहेरूनच ११ घेऊन येतात. ती गर्दी दुसऱ्याच्या लिंकवरची. रांगेच्या आधी मोजा, नंतर मोजा, आणि फरकच नावावर लावा.

चार, पुष्कळ वाहतूक ईसीएन समजत नाही, तिची पॅकेटं फेकली जातात. फेकलेला बाइट खूण झालेल्या बाइटएवढाच धरा. नाहीतर ईसीएन बंद करणं हा बिल चुकवायचा राजमार्ग होईल.

पाच, बॅकअपसाठी लेडबॅट (इतरांना वाट देणारी पाठवण्याची पद्धत) वापरणाऱ्यांनो, ते रांगेतली वाट १०० मिलिसेकंदांपर्यंत वाढू देतं आणि मग माघार घेतं. पीआयई रांग १५ च्या आसपास धरून ठेवतं. माघारीची वेळच येत नाही, आणि तुमचा ‘नम्र’ बॅकअप साध्या टीसीपीसारखा टोकन जाळत राहतो. त्याला डीएससीपी १ (हेडरमधली ‘सर्वांत कमी प्राधान्य’ ही खूण) द्या आणि वेगळ्या, सर्वांत शेवटच्या रांगेत टाका.

वाचनमात्र

आणि बाहेरून हल्ला झाला तर? न मागितलेल्या पॅकेटांचे टोकन बळी पडलेल्या विभागाच्या नावावर का?

तारजोड

रास्त. आतून सुरू झालेल्या किंवा त्या विभागाच्या जाहीर सर्व्हरने स्वीकारलेल्या जोडण्याच मोजायच्या. बाकीचं संस्थेच्या खात्यावर.

आडवाप्रवाह (धागाकर्ता)

मोजायचं काय आणि जमतं का, या दोन्हीची उत्तरं मिळाली. दुसरा प्रश्न अजून लोंबकळतोय: टोकनांनी गर्दी आवरली, पण वर्षाचं भाडं कोणी किती भरायचं?

जुनंखातं

ते दोन वेगळे हिशेब ठेवा, एकात एक मिसळू नका. भाडं हा बुडीत खर्च, वापराने तो बदलत नाही. तो विभागाच्या माणसांच्या संख्येवर किंवा पोर्टच्या वेगावर वाटा आणि टोकनांचा वाटाही त्याच प्रमाणात द्या. ज्याला जास्त टोकन हवेत त्याने जादा पैसे भरून घ्यावेत, आणि ही जादा रक्कम फक्त लिंक वाढवण्यासाठी बाजूला ठेवावी. महिन्यामागून महिने जादा टोकनांना मागणी येत राहिली तर लिंक खरोखर अपुरी आहे. मागणीच नसेल तर २ जीबीपीएसचा प्रस्ताव थांबवायला तेवढा पुरावा बास आहे.

सरळदर

एवढं असेल तर माझी हरकत नाही. फक्त पहिले तीन महिने नुसते आकडे दाखवा, आवळू नका. आपला कुठला सर्व्हर दुपारी काय करतोय हे बहुतेक विभागांना ठाऊकच नसतं. ते दिसलं की अर्धी वाहतूक न सांगता रात्रीकडे सरकेल.

पाचमिनिटी

तारजोड, एक शंका. पत्ते नॅटच्या मागे आहेत, म्हणजे आतले खाजगी पत्ते बाहेर सार्वजनिक पत्त्याने बदलले जातात. डाउनलोड आयएफबीवर येतं तेव्हा पॅकेटवर सार्वजनिक पत्ता असतो. मग विभाग ओळखायचा कसा?

तारजोड

फॉरवर्ड साखळीपर्यंत नॅट उलगडलेलं असतं, तिथली ‘नंतरची’ मोजणी खाजगी पत्त्यावरून होते. अडचण फक्त रांगेच्या ‘आधीच्या’ मोजणीची. जोडणी आतून सुरू होते तेव्हाच तिच्या कनेक्शन ट्रॅकिंगच्या नोंदीत विभागाचा क्रमांक मार्क म्हणून टाका. परत येणाऱ्या पॅकेटवर टीसीच्या (लिनक्सच्या वाहतूक-नियंत्रण साधनाच्या) कॉनमार्क क्रियेने तो आत येतानाच उतरवून घेता येतो. क्रम मात्र पाळा: आधी कॉनमार्क, मग मोजणी, मग आयएफबीकडे वळवणं. वळवणं आधी लिहिलं तर पुढच्या दोन्ही ओळी पॅकेटच्या वाट्याला येतच नाहीत.